तीन पायांचा पाटा

परसात साधा संडास बांधायला काढला तर ते काम दोन हजार वर्षं मागं जाऊ शकतं, हे बाळासो साळोख्यांना आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. मंगळवार पेठेत एरवी न विचारता सगळं सांगतात. कुठल्या खानावळीतला तांबडा रस्सा पातळ झालाय, कुणाच्या पोरीचं कुठं जमलंय, कुठल्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, काही शिल्लक ठेवत नाहीत. एवढंच तेवढं कुणी सांगितलं नाही.

काम आक्काताईंचं होतं. आक्का म्हणजे बाळासोंची थोरली बहीण, त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. मालक वारल्यावर नृसिंहवाडीकडचं घर पुतण्यांच्या हवाली करून ती भावाकडं राहायला आली, त्याला नऊ वर्षं झाली. यंदा दिवाळीनंतर तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी बजावलं, की इथून पुढं उकिडवं बसायचं नाही, कमोड पाहिजे. साळोख्यांचा संडास परसाच्या टोकाला, तीन पायऱ्या चढून, आणि आजोबांच्या काळच्या पद्धतीचा. बाळासोंच्या पत्नी संयोगितावहिनींनी मधला मार्ग म्हणून भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणली. आक्कानं ती खालवर बघितली.

"ही मांडायची कुठं? देवघराच्या भिंतीला? मी काय बारकं पोर हाय व्हय?"

तो विषय तिथंच संपला. त्या खुर्चीवर आता शेवंतीची कुंडी असते.

तेव्हा ठरलं, की मागच्या दाराला लागून नवा संडास बांधायचा. पाच बाय चार. गवंडी सम्राट येऊन पावलांनी जागा मोजून गेला आणि म्हणाला, "आक्का दवाखान्यातनं येऊपातूर दार लावून किल्ली तुमच्या हातात देतो." संडासाला किल्ली कशाला, हा प्रश्न बाळासोंना पडला होता, पण सम्राट बोलायला लागला की मध्ये शिरायला जागा नसते.

खरं तर बाळासोंचंही तसंच आहे. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बिद्रीमार्गे गारगोटी फलाट क्रमांक चारवर लागत आहे, असं तीस वर्षं माईकवरून सांगितल्यामुळं त्यांना आता साधं बोलता येत नाही, ते जाहीर करतात. जेवायला बसले की "मीठ कमी आहे" हे वाक्य तिसऱ्या घरापर्यंत जातं. वहिनींनी त्याची सवय करून घेतली आहे. शेजाऱ्यांना तर त्यामुळं वर्तमानपत्राची गरज उरलेली नाही.

तर सम्राटनं काम सुरू केलं. पहिल्या दिवशी फरशी उचकटली. दुसऱ्या दिवशी मागचं दार काढून ठेवावं लागलं, कारण घमेली नेताना ते आडवं येत होतं. त्या दाराला टेकण म्हणून आईचा जुना वरवंटा असायचा. मिक्सर आल्यावर पाटा भंगारात गेला आणि वरवंटा दाराशी उरला, एवढं बाळासोंना ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येकाच्या पायाच्या अंगठ्याला मात्र त्या वरवंट्याची चांगली ओळख होती. दार काढताना तो बाळासोंच्याच पायावर आला. त्यांनी तेही जाहीर केलं.

तिसऱ्या दिवशी कंबरभर खड्डा झाल्यावर सम्राटची पहार ठण्णकन वाजली. खाली दगड होता. माती बाजूला केली तेव्हा दिसलं, की दगड साधा नव्हे. दोन हात लांब, मधे झिजून गुळगुळीत झालेला, आणि खालच्या बाजूला त्याच दगडातून कोरून काढलेले पाय. तीन पाय धड होते, चौथा मोडलेला.

सम्राट वाकून बघतोय तोवर भिंतीवरून बायडाबाईंचं डोकं वर आलं. बायडाबाई म्हणजे गल्लीतल्या समोरच्या घरच्या. त्या भिंतीपाशी कशा पोचल्या हे विचारण्यात अर्थ नाही, त्या नेहमी पोचलेल्याच असतात.

"आगं बाई! पाय हायती की त्येला! बाळासो, देव हाय ह्यो!"

"बायडाबाई, थांबा जरा, आधी बघू..."

पण बाळासोंना चष्मा सापडेपर्यंत बायडाबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन खड्ड्यात उतरल्या होत्या. दगडाला हळद लागली, कुंकू लागलं, नारळ फुटला आणि त्याचं पाणी वरून ओतलं गेलं. सम्राटनं चपला काढून खड्ड्याबाहेर ठेवल्या, मग स्वतःही बाहेर आला.

"काका, देवाच्या जागी संडास बांधायचा म्हंजे... माझ्या घरात पोरंबाळं हायत." असं म्हणून त्यानं थापी धुतली. कोल्हापुरात गवंड्यानं थापी धुतली म्हणजे काम थांबलं. पुढं तुम्ही काय करायचं ते करा.

संध्याकाळपर्यंत तालमीचे अध्यक्ष उदयसिंह दहा जणांना घेऊन हजर झाले. त्यांनी परसू डोळ्यांनी मोजलं, मांडव कुठं येईल, रांग कुठून लागेल, स्पीकरची तोंडं कुठं असतील हे सांगितलं आणि बाळासोंच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळासाब, तुम्ही फकस्त जागा द्या. बाकीचं तालीम बघंल."

बाळासोंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. ते खड्ड्याच्या काठावर बसून दगडाकडं टक लावून बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रविवार उभे राहिले होते.

बाळासोंचे वडील, आप्पा, तरुणपणी, लग्न नुकतंच झालेलं असताना, नदीकाठच्या टेकडीवर कामाला होते. तिथं जमिनीखालचं जुनं गाव उकरायचं काम चाललं होतं. खणायचं कुदळीनं आणि शेवटी झाडायचं ब्रशनं, यात वडिलांची सगळी हयात गेली नाही, जेमतेम दोन हंगाम गेले, पण बोलायचे ते तेवढंच. बाळासो लहान असताना वडील त्यांना दर रविवारी म्युझियममध्ये न्यायचे. नाणी, मणी, खापरं भराभर दाखवायचे आणि एका दगडी पाट्यापाशी थांबायचे. चार पायांचा पाटा. तिथं ते फार वेळ उभे राहायचे. मग घसा खाकरून "चला" म्हणायचे आणि बाहेर आल्यावर पोराला बर्फाचा गोळा घेऊन द्यायचे. बाळासोंना त्या पाट्यापेक्षा गोळ्याचीच आठवण जास्त होती. पण आता पाटाही आठवला.

ते उठले, गुडघे झाडले आणि जाहीर केलं, "हा देव नाही! हा पाटा हाय! दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहन काळातला पाटा! आणि तो सरकारला कळवणं हे माझं कर्तव्य हाय!"

गल्लीनं ऐकलं. उदयसिंह म्हणाले, "आवं, पर सरकारला कशाला?" बायडाबाई म्हणाल्या, "पाट्यालाबी पुजत्यातच की, पाचवीला." वहिनी एवढंच म्हणाल्या, "आणि आक्का? परवा घरी येणार हायत त्या."

हा प्रश्न बाळासोंनी ऐकला होता. पण माणूस एकदा कर्तव्यावर निघाला की त्याला बारीकसारीक गोष्टी मागं टाकाव्या लागतात.

कळवायचं ठरवणं सोपं होतं. पहिल्या ऑफिसात विचारलं, "संडास का पाटा? संडास असंल तर आरोग्य, पाटा असंल तर आमच्याकडं न्हाय." दुसऱ्या ऑफिसात अर्जाला विहित नमुना पाहिजे होता आणि तो नमुना तिसऱ्या ऑफिसात मिळत होता. तिसऱ्या ऑफिसातल्या गृहस्थांनी 'सापडलेल्या वस्तूचे वर्णन' म्हणून 'हरवलेल्या व्यक्तीचे वर्णन' असा छापील कागद दिला. बाळासोंनी तो इमानानं भरला. उंची दोन हात, रंग काळा, खूण एक पाय मोडका. सगळ्यात वाईट म्हणजे फाइलीवर विषय लिहिला गेला, 'साळोखे संडास'. बाळासोंनी तो बदलून घ्यायचा तीनदा प्रयत्न केला. फाइलीचं नाव एकदा पडलं की माणसाच्या नावापेक्षा चिवट असतं.

आक्का घरी आली ती वॉकर धरून. बाळासोंनी तिला सरळ परसाच्या दारात नेलं आणि स्टँडवर जाहीर करायचे तशा आवाजात सगळी हकीकत सांगितली. आक्का बराच वेळ खड्ड्यात बघत राहिली. हळदीनं माखलेला तो दगड, मोडक्या पायाकडं कललेला. बाळासोंना वाटलं, तिला एवढा इतिहास एकदम झेपला नसावा.

"झाका त्येला," ती शेवटी म्हणाली. "ऊन लागतंय." आणि आत वळली.

पुरातत्त्वाच्या ऑफिसातून अक्षता कांबळे आल्या तेव्हा दुसरा आठवडा संपत आला होता. त्या शिरोळ तालुक्यातल्या, तिशीच्या आतल्या, पायात बूट, पाठीला सॅक आणि त्यात दाढीच्या ब्रशपासून घर रंगवायच्या ब्रशपर्यंत सात ब्रश. पाटा बघून त्यांचा चेहरा एकदम फुलला आणि हळद बघून तितकाच पडला.

"हे कुणी केलं?"

"मी," बायडाबाई अभिमानानं म्हणाल्या. "नारळबी मीच फोडला."

अक्षताबाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि शांतपणे पाट्याच्या खाचांतून टाचणीएवढी धूळ काढून सहा बाटल्यांत भरली. प्राचीन माणसं या पाट्यावर काय वाटत होती, हे प्रयोगशाळेत कळेल म्हणाल्या. मग परसात पांढऱ्या दोऱ्या बांधल्या आणि कागद लिहून दिला. तपासणी होईपर्यंत परसात खोदकाम, बांधकाम, सारवण आणि पूजा, सगळं बंद.

"किती दिवस लागतील, ताई?" वहिनींनी विचारलं.

"महिना, दोन महिने. का हो?"

वहिनींनी आक्काच्या खोलीकडं बघितलं.

बायडाबाईंच्या घरी कमोड होता. पोरगा दुबईला असतो, त्यानं बसवून दिलेला, गुलाबी. दिवसातून चार वेळा आक्का वॉकर टेकत गल्ली ओलांडून तिकडं जायला लागली. साताठ पावलांची गल्ली, पण मंगळवार पेठेतली. कट्ट्यावरची पोरं उठून उभी राहायची आणि आदरानं विचारायची, "काय आक्का, निघालासा?" भाजीवाला गाडी बाजूला घ्यायचा. "सावकाश आक्का, घाई न्हाई न्हवं?" सगळे चांगल्या मनानंच विचारायचे, त्यामुळं कुणावर ओरडताही येत नव्हतं. आक्का मान खाली घालून जायची. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात नवऱ्यासमोर पदर ढळू दिला नाही, तिच्या पोटाचं वेळापत्रक गल्लीला पाठ झालं. दुपारचा चहा तिनं सोडून दिला. मग रात्रीचं पाणीही कमी केलं.

बाळासोंना हे दिसत होतं. वाईटही वाटत होतं. पण त्याच आठवड्यात त्यांचा फोटो पेपरात आला. 'निवृत्त नियंत्रकाच्या परसात सातवाहनकालीन ठेवा.' तालमीनं मांडवाचा नाद सोडून त्यांचा सत्कार केला, शाल आणि फेटा दिला. गल्ली त्यांना 'सातवाहन' म्हणायला लागली. चेष्टेनं म्हणत होती, पण बाळासोंनी ते पदवीसारखं घेतलं. शाळेची पोरं रांगेनं बघायला आली, तेव्हा त्यांनी दोरीच्या अलीकडं उभं राहून त्यांना सांगितलं, "पोरांनो, दोन हजार वर्षांपूर्वी ह्या जागी एक घर होतं. त्या घरात एक आई होती. ती सकाळच्या पारी ह्या पाट्यावर वाटायला बसायची. तिचं पोरगं भाकरी हातात घेऊन शेजारी बसायचं आणि वाट बघायचं."

हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. कारण ते त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं, दिसलं होतं. त्यांना स्वतःची आई आठवत होती. तिनं वाटलेल्या खर्ड्याची चव, आणि ती चव मधेच कधीतरी गेली ती कायमची. पाच-सहा वर्षांचे असताना त्यांनी एकदा ताट ढकललं होतं. "ह्येला चव न्हाई." आई रागावली नाही, उलट तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. का, ते त्यांना तेव्हा कळलं नाही. दाराच्या आत वॉकर धरून उभ्या असलेल्या आक्कानं हे सगळं भाषण ऐकलं आणि ती आत गेली. बाळासोंना वाटलं, ती खड्ड्यावर रागावली असेल. रागवायला कारणही होतं.

अक्षताबाई दर आठवड्याला यायच्या आणि ब्रशनं चार बोटं खाली जायच्या. पाटा उचलून बाजूला ठेवल्यावर त्याच्या बरोबर खाली एक काचेची गोटी निघाली. निळी, आत पांढरी पट्टी.

"दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाट्याखाली गोटी कशी आली, काका?"

"उंदरानं नेली असंल," बाळासो म्हणाले. पण गोटी त्यांनी ओळखली होती. ती त्यांची होती. या गोटीवर तिसरी गल्ली जिंकली होती त्यांनी, आणि हरवली तेव्हा दोन दिवस रडले होते. आपलीच गोटी आणि इतिहास असा एका खड्ड्यात भेटावा, याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यापुढं त्यांनी विचार केला नाही. सत्कार झालेला माणूस सहसा पुढचा विचार करत नाही.

अक्षताबाई मात्र करत होत्या. पाट्याखाली गोटी, बाजूला डालड्याच्या डब्याचं झाकण, आणि त्याखाली नुसती काळी माती. ना खापर, ना वीट, ना राख. "गाव असं नुसत्या एका पाट्याचं नसतं हो काका," त्या म्हणाल्या. बाळासोंनी सांगितलं, की एकेकाळी इथं लोकवस्ती विरळ असावी.

दोन महिन्यांनी प्रयोगशाळेचा कागद आला. अक्षताबाई तो घेऊन आल्या आणि पुढच्या सोप्यात बसून त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. बायडाबाई अर्थातच आलेल्या होत्या. उदयसिंह पण होते.

"हळद आहे," अक्षताबाई म्हणाल्या. "ती बायडाबाईंची. पण दगडाच्या आत, खोलवर मुरलेलं जे आहे ते वेगळं आहे. लसूण. जिरं. आणि मिरची."

"मग बरोबर की!" बाळासोंनी जाहीर केलं. "सातवाहन खर्डा खात होते!"

"काका, सातवाहनांच्या काळात मिरची नव्हती. मिरची आपल्याकडं पोर्तुगीजांच्या जहाजातून आली. पाचशे वर्षंसुद्धा झाली नाहीत धड."

 मिरची आपली नाही, हे ऐकून उदयसिंहांच्या चेहऱ्यावर जो धक्का दिसला तो पाट्याच्या वयानं बसला नव्हता. "कोल्हापुरात? मिरची न्हवती? मग लोक जगत कशी हुती?"

"पाटा जुनाच आहे," अक्षताबाई म्हणाल्या. "घडण, दगड, सगळं त्या काळाचं. पण त्यावर कुणीतरी अगदी अलीकडं, वर्षानुवर्षं मिरची वाटली आहे. कुणी, ते मला समजत नाही."

"माझ्या आईनं."

आक्का दारात उभी होती. वॉकर सोडून, चौकट धरून.

"आणि मीबी. हात भाजायचं माझं. घोटभर पाणी दे बाळ्या, आन् मधी बोलू नगंस. तुला न सांगायचं म्हणूनच तर साठ वरसं गप बसल्येय."

मग आक्कानं सांगितलं. वडील टेकडीवर कामाला होते तेव्हा आई नवी नवरी होती आणि घरात पाटा नव्हता. वरवंटा होता, माहेरनं, बिद्रीहून आलेला. टेकडीवर मोडक्यातोडक्या दगडांचा ढीग असायचा. एक दिवस वडील त्यातला तीन पायांचा पाटा खांद्यावर घेऊन आले आणि चौथ्या पायाच्या जागी वीट ठेवून आईला म्हणाले, बस. आक्काची पाचवी त्याच पाट्यावर पुजली, बाळासोंचीही. पुढं बाळासो पाच वर्षांचे असताना कुणी एक साहेब पेठेत आला, जुन्या कामगारांना गाठून टेकडीची माहिती विचारत फिरायला लागला. वडील घाबरले. त्यांना वाटलं, आपण सरकारची वस्तू आणली, आता पोलीस येणार. त्याच दुपारी त्यांनी परसात खड्डा काढला. आक्का सतरा वर्षांची होती, तिनं घमेल्यानं माती लोटली. आई पायरीवर बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा पाटा आला, पण त्याचा खर्डा कधी तसा झाला नाही.

"आप्पांनी मला शपथ घातली. म्हणाले, पोरगं बोलकं हाय, त्येला कळलं तर तालुक्याला कळंल. आपल्या बापाला कुणी चोर म्हटलेलं मला बघवलं नसतं, बाळ्या. म्हणून मी जात हुते गल्ली वलांडून. त्यात काय. गल्ली वलांडून माणूस मरत न्हाई."

बाळासोंच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते खरं सांगायचं तर फार मोठं नव्हतं. "आक्का, अगं माझा सत्कार झालाय," असं ते म्हणाले. मग त्यांना गोटी आठवली. ती बहुतेक त्याच दुपारी त्यांच्या खिशातून पडली असणार, पाटा पुरायच्या आधी त्या खड्ड्याशी खेळताना. मग म्युझियममधले रविवार आठवले. वडील त्या चार पायांच्या पाट्यासमोर एवढा वेळ का उभे राहायचे आणि घसा का खाकरायचे. आणि मग गेले दोन महिने आठवले. कट्ट्यावरची पोरं, भाजीवाला, दोन घोट पाणी कमी प्यायलेली थोरली बहीण.  बाळासोंना काही जाहीर करता येईना.

अक्षताबाईंनी सॅकमधून लॅपटॉप काढला. "थांबा आक्का. त्या खणकामाची नोंदवही आहे माझ्याकडं, फोटो काढलेली. त्यातल्या पाट्यांच्या नोंदी मी पहिल्याच दिवशी ताडून बघितल्या होत्या." त्यांनी पानं सरकवली. "हे बघा. नोंद केलेला प्रत्येक पाटा म्युझियममध्ये जागेवर आहे. एकही कमी नाही. तुमचा त्यांनी लिहूनच घेतला नव्हता, मोडका म्हणून. त्यावर आकडासुद्धा घातलेला नाही. तुमच्या वडलांनी चोरलं नाही हो काही. टाकलेला दगड उचलला. उलट, उचलला नसता तर आज तो राहिलाच नसता."

आक्का ऐकत होती. तिनं ते दोनदा सांगायला लावलं. मग पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "ह्ये आता आप्पास्नी कुणी सांगायचं, बाई?"

 

पाटा घेऊन जायला गाडी आली त्या सकाळी आक्कानं अक्षताबाईंना विचारलं, "यकदा वाटू का त्येच्यावर? मूठभरच मिरच्या हायत."

"नाही आक्का. नियम आहे."

"बरं," आक्का म्हणाली. "मग नुसता वरवंटा तरी?"

अक्षताबाईंनी हातातला कागद वर धरला आणि तो फार बारीक अक्षरातला असावा तसा डोळ्यांजवळ नेऊन वाचायला लागल्या. बाळासोंनी धावत जाऊन दाराशी पडलेला वरवंटा आणला. आक्काला खाली बसता येत नव्हतं, म्हणून पाटा टेबलावर ठेवला आणि मोडक्या पायाखाली बाळासोंनी वीट सरकवली. आक्कानं वरवंटा ठेवला. तो त्या झिजेत असा बसला, की मधे केसाची फट राहिली नाही. तिनं दोन हातांनी तो पुढं ढकलला, मागं ओढला. कोरडाच. दगडाचा तो आवाज बाळासोंनी साठ वर्षांत ऐकला नव्हता आणि तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

"वरवंटाबी न्या," आक्का म्हणाली. "पाट्याला एकटं ठिवू नये, आई म्हणायची."

दोऱ्या निघाल्या, सम्राट आला, आणि पंधरा दिवसांत खरंच संडास झाला. उदयसिंहांनी आग्रहानं फीत कापली. बायडाबाईंनी नारळ आणला होता, तो बाळासोंनी त्यांच्या हातातून काढून घेतला. मागचं दार आता वाऱ्यानं आपटतं, कारण टेकण म्युझियमला गेलं. आपटू दे, असं बाळासो म्हणतात, आणि तेही हळू म्हणतात. आक्कानं दुपारचा चहा पुन्हा सुरू केला आहे.

गुढीपाडव्यानंतर अक्षताबाईंचा फोन आला. बाळासो आक्काला रिक्षानं घेऊन म्युझियमला गेले. काचेच्या कपाटात पाटा होता, त्यावर बिद्रीचा वरवंटा, आणि खाली पाटी होती. बाळासोंनी ती वाचून दाखवली. चार पायांचा पाटा, एक पाय भग्न, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. वरवंटा, विसावं शतक. शेवटचा वापर : तानूबाई साळोखे, मंगळवार पेठ. पदार्थ : खर्डा.

तानूबाई हे नाव बाळासोंनी दोनदा वाचलं. त्या नावानं आईला हाक मारणारं आता जगात कुणी नव्हतं, आणि ते असं छापील अक्षरात, राजांच्या नाण्यांच्या शेजारी.

आक्कानं काचेला नाक लावून पाट्याकडं बघितलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग तिनं वॉकर जमिनीवर आपटला. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला शिपाई दचकून उठला.

"काय झालं, आक्का?" बाळासोंनी विचारलं.

"उलटा ठिवलाय की रं," आक्का शिपायाला म्हणाली. "फिरीव त्येला. आई हिकडं बसायची."